झाडाची नवी जात आणि माणसाचं आयुष्य



वैनगंगेच्या दोन्ही काठांना धान, माजी मालगुजारी म्हणजे मामा तलावांच्या खाली धान, साकोलीचं संशोधन केंद्र धानाचं, आणि भौगोलिक मानांकन मिळालं तेही चिन्नोर धानालाच. अशा भंडारा जिल्ह्यात फळझाडांच्या नव्या वाणांवर बोलायचं ठरवलं, याचं काहींना नवल वाटेल. मी हा विषय जाणूनबुजून इथे आणला आहे. नवा वाण म्हणजे काय आणि तो कोण शोधू शकतो, हे महाराष्ट्राला ज्या शेतकऱ्याने सर्वांत ठळकपणे दाखवलं, तो याच झाडीपट्टीतला होता.

दादाजी रामाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. शेती जेमतेम दीड एकर, शाळा तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' या जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपून ठेवलं, पुढच्या हंगामात वेगळं लावलं, त्यातून पुन्हा निवड केली. असं वर्षानुवर्षं करत त्यांच्या हाती बारीक दाण्याचा, खायला गोड, उताऱ्याला चांगला असा धान आला. तो गावाबाहेर गेला, बाजारात गेला, आणि तेव्हा लोकप्रिय असलेल्या घड्याळाचं नाव त्याला मिळालं: एचएमटी. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' प्रसारित केला. श्रेय कुणाचं यावरून वाद झाला. २००५ साली राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा गौरव झाला, तरी ज्या वाणाने कितीतरी गिरण्या आणि व्यापारी पोसले त्याच्या मानाने त्यांच्या वाट्याला फार थोडं आलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले. नांदेड चिन्नूर, नांदेड हिरा, दीपक रत्न, डीआरके असे आणखी वाणही ते मागे ठेवून गेले. आजच्या व्याख्यानाच्या सुरुवातीला त्यांना नमस्कार करणं मला माझं कर्तव्य वाटतं.

आता या गोष्टीतला एक भाग बारकाईने पाहू. तीन लोंब्यांपासून एक वाण उभा राहिला, कारण धान स्वतःच्याच परागाने फळतो. एकाच फुलातले पराग त्याच फुलाला लागतात. त्यामुळे वेगळी निघालेली लोंबी काही पिढ्या निवडत गेलं की तिचं बी सारखं उतरू लागतं. एक पिढी म्हणजे एक हंगाम. डोळा तयार असेल आणि चिकाटी असेल तर एका माणसाच्या आयुष्यात पाच-सहा वाणही होतात. दादाजींनी ते करून दाखवलं.

झाडाचं तसं नाही. आंब्याची कोय रुजवली तर वर येणारं झाड आईसारखं नसतं. हापूसच्या कोयीतून हापूस येत नाही, हे कोकणातलं पोरही सांगेल. प्रत्येक कोयीत आईबापांच्या गुणांची नवी मांडणी होते, आणि आंब्याच्या बाबतीत बाप कोण हे बहुधा माहीतही नसतं. म्हणूनच आपल्या गावातले दोन गावरान आंबे कधी एकसारखे नसतात. एक रसाळ, एक दशीचा, एक लोणच्याचा, एक पिकला तरी आंबटच. चांगलं झाड सापडलं की ते जसंच्या तसं वाढवायचा एकच मार्ग, कलम. आणि सापडलेलं झाड मनासारखं नसेल, दोन झाडांचे गुण एकत्र आणायचे असतील, तर संकर करायचा. इथे खरी कसोटी लागते.

आंब्यातला संकर कसा करतात ते सांगतो, कारण हे काम किती कष्टाचं आहे ते ऐकल्याशिवाय वाणाची किंमत कळत नाही. मोहोराच्या एका तुऱ्यात हजारावर फुलं असू शकतात. त्यातली बरीचशी नुसती नर, फळ धरू न शकणारी. काही मोजकी द्विलिंगी. फूल इवलंसं, दोन बोटांत धरलं तर दिसेनासं होईल एवढं. सकाळी लवकर उठून, पराग सुटायच्या आत, चिमट्याने त्याचे पुंकेसर काढायचे. मग दुसऱ्या जातीच्या फुलातले पराग आणून त्याच्या टोकाला लावायचे. तुऱ्यावर पिशवी बांधायची, चिठ्ठी लावायची. शंभर फुलांना असं केलं तर त्यातलं एखादंही फळ शेवटपर्यंत टिकेल याची खात्री नसते; बहुतेक फळं वाटाण्याएवढी असतानाच गळतात. पुढे दिल्लीच्या पुसा संस्थेतल्या लोकांच्या लक्षात आलं की एका तुऱ्यावर पुष्कळ फुलं हाताळण्यापेक्षा पुष्कळ तुऱ्यांवर थोडी थोडी फुलं हाताळली तर फळं जास्त टिकतात. जाळीच्या पिंजऱ्यात दोन जातींची झाडं एकत्र ठेवून आत माश्या सोडायची पद्धतही निघाली, कारण आंब्याचं परागीभवन मुख्यतः माश्याच करतात. किती साधी युक्ती, पण तिथवर पोचायला माणसांच्या कित्येक मोहोरांच्या सकाळी गेल्या.

फळ टिकलं, कोय मिळाली, रोप झालं. मग थांबायचं. कोयीच्या रोपाला पहिलं फळ यायला सहा-आठ वर्षं सहज लागतात. वाट कमी करायची तर संकरित रोपाची काडी मोठ्या झाडावर बांधतात, त्याने काही वर्षं वाचतात. पहिलं फळ चाखून निर्णय घेता येत नाही. आंबा एक वर्ष भरतो, एक वर्ष रुसतो. म्हणून निदान पाचसहा हंगाम नोंदी ठेवाव्या लागतात. मग निवडलेल्या झाडाची कलमं करून ती वेगवेगळ्या जमिनींत, वेगवेगळ्या पावसात लावायची, आणि पुन्हा फळाची वाट पाहायची. संकरापासून शेतकऱ्याच्या बागेपर्यंत वीस वर्षं म्हणजे फार नव्हेत. पहिल्या दिवशी चिमटा हातात धरणारा तरुण शेवटच्या दिवशी निवृत्तीला आलेला असतो, नाहीतर त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते.

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने हे केलं. हापूसला दोन दुखणी आहेत. एक, तो दरवर्षी सारखा फळत नाही. दुसरं, साका: बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. कापल्याशिवाय ते कळत नाही, म्हणून पेटी परदेशात पोचल्यावर इभ्रत जाते. दक्षिणेकडचा नीलम हा आंबा दरवर्षी फळतो आणि त्यात साका होत नाही. या दोघांच्या संकरातून 'रत्ना' निघाला; १९८१ साली तो प्रसारित झाला. मग त्याच केंद्राने रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर केला आणि १९९२ मध्ये 'सिंधू' दिला, ज्याची कोय इतकी पातळ आहे की त्याला बिनकोयीचाच आंबा म्हणतात. इकडे पुसा संस्थेने नीलम आणि दशेरी घेऊन दोन वाण काढले. नीलम आई आणि दशेरी बाप तर 'मल्लिका'; दशेरी आई आणि नीलम बाप तर 'आम्रपाली'. तीच दोन झाडं, पण एकातून मोठ्या फळाचा वाण निघाला आणि दुसऱ्यातून ठेंगणा, दाट लावता येणारा. विदर्भात घराच्या परसात आम्रपालीचं कलम तुम्ही पाहिलं असेल.

रत्ना गुणाने उत्तम आहे, असं मी कुठल्याही सभेत सांगेन. तरी बाजाराने हापूसला सोडलं नाही. ग्राहक नावावर पैसे देतो, आणि नाव तयार व्हायला झाडापेक्षाही जास्त काळ लागतो. व्यापारी वाणाचा विचार करताना हे विसरून चालत नाही. शास्त्रज्ञ चव, उतारा आणि रोग बघतो; अडत्या साल, रंग आणि तीनशे किलोमीटरचा ट्रकप्रवास बघतो. दोघांची यादी जुळली तरच वाण रुजतो.

ती यादी कशी जुळते हे डाळिंबात दिसतं. पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चिमा यांनी आळंदी जातीच्या रोपांतून एक झाड निवडलं, साल १९३६. त्याला तेव्हा नुसता क्रमांक होता. 'गणेश' हे नाव १९७० मध्ये मिळालं. मऊ बी, गोड रस, भरपूर फळ. पश्चिम महाराष्ट्रातल्या कोरडवाहू गावांचं नशीब त्या एका झाडाने बदललं. गणेशचे दाणे फिके गुलाबी होते. म्हणून राहुरीच्या विद्यापीठाने गणेशचा 'गुल-ए-शाह रेड' या लाल डाळिंबाशी संकर करून त्याच्या पुढच्या पिढीतून 'मृदुला' निवडला, आणि त्याच वंशातून पुढे 'भगवा' आला. दाणे गर्द लाल, साल जाड, चकाकी अशी की पेटी उघडली की गिऱ्हाईक थांबतं. जाड सालीमुळे तो लांबच्या प्रवासात टिकला आणि परदेशात गेला. आज महाराष्ट्रात डाळिंब म्हटलं की भगवा.

इथे मला एक काळजी बोलून दाखवायची आहे. कलमाने वाढवलेला वाण म्हणजे लाखो ठिकाणी उभं असलेलं एकच झाड. त्याला जो रोग झेपत नाही तो सगळ्यांनाच झेपत नाही. तेल्या, म्हणजे जिवाणूमुळे होणारा करपा, या शतकाच्या सुरुवातीपासून सोलापूर-नाशिककडे पसरला तेव्हा बागांवर बागा उपटाव्या लागल्या. एका वाणावर इतक्या घरांचा संसार टांगून ठेवणं धोक्याचं आहे. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात नवे संकर चालू आहेत, हे चांगलं आहे. पण डाळिंबाचा नवा वाणही रोग आल्यावर सुरू करून वेळेवर पोचत नाही. तो रोग यायच्या आधी सुरू झालेला असावा लागतो. म्हणून फळझाडांचं संशोधन तीन वर्षांच्या प्रकल्पावर चालवणं मला पटत नाही. प्रकल्प संपतो, निधी संपतो, आणि कुणीतरी बारा वर्षं जपलेली संकरित रोपं नव्या इमारतीसाठी उपटली जातात.

तरुण शेतकरी हल्ली एक प्रश्न विचारतात. नागपूरच्या दुकानात नेक्टरिन नावाचं लाल-पिवळं, गुळगुळीत, पीचसारखं फळ चढ्या दराने मिळतं. ते आपल्याकडे का लावू नये? प्रश्न वाजवी आहे, म्हणून उत्तरही नीट देतो. नेक्टरिन हे वेगळं झाड नाही. तो पीचच आहे, फक्त सालीवरची लव नाहीशी झालेला. हा एका जनुकातला बदल. कधीकधी पीचच्याच झाडावर एखादी फांदी नेक्टरिन देऊ लागते. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात अशी उदाहरणं गोळा केली आहेत. पण या झाडाला हिवाळ्यात झोप लागते. सात अंशांच्या खालचे शेकडो तास मिळाल्याशिवाय त्याचे डोळे नीट फुटत नाहीत, फूल येत नाही. जुन्या जातींना असे सहाशे ते हजार तास हवेत. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाने १९५० च्या दशकात कमी थंडीत येणारे पीच आणि नेक्टरिन तयार करायला घेतले आणि पिढ्यान्पिढ्या संकर करत ही गरज शे-दोनशे तासांवर आणली. तेच वाण पुढे पंजाबच्या मैदानात आले. आपल्याकडे जानेवारीत गारठा पडतो, एखाद्या लाटेत पारा दहाच्या खाली जातो. पण सात अंशांखालचे शंभर तास धरून चालता येत नाहीत, आणि मे महिना पंचेचाळीस अंशांचा. भंडाऱ्यात नेक्टरिनची व्यापारी बाग करू नका, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. फ्लोरिडाकडून घ्यायचं ते त्यांचं फळ नव्हे, त्यांची पद्धत: आपल्या हवेला फळ जुळेपर्यंत पिढीमागून पिढी काम करायचं.

आणि फांदीतला तो अचानक बदल? तो आपल्या महाराष्ट्रातही टिपला गेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेस द्राक्षाच्या बागेत वेगळी वेल हेरली, ती 'तास-ए-गणेश'. सोलापूरजवळ नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी लांब मण्यांची वेल निवडली, ती 'सोनाका'. बार्शी तालुक्यात गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी सीताफळात 'एनएमके-१ गोल्डन' आणला. ही सगळी शेतकरी माणसं. रोज बागेत फिरणाऱ्या माणसाला जे दिसतं ते महिन्यातून एकदा भेट देणाऱ्याला दिसत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याने काढलेल्या वाणालाही नोंदणीचा हक्क दिला आहे. झाडं आणि वेलींना हे संरक्षण जास्तीत जास्त अठरा वर्षं मिळतं, इतर पिकांना पंधरा. दादाजींनी १९८३ मध्ये लोंब्या काढल्या तेव्हा हा कायदा नव्हता. आज आहे, तर त्याचा उपयोग करा.

आता भंडाऱ्याकडे येतो. मघाशी मी म्हटलं, झाडाच्या वाणाला वीस वर्षं लागतात. पण ती वीस वर्षं सुरुवातीपासूनच मोजली पाहिजेत असं नाही. तुमच्या धानाच्या धुऱ्यावर उभा असलेला साठ वर्षांचा गावरान आंबा हा पूर्ण झालेला प्रयोग आहे. त्याने साठ उन्हाळे काढले. बांधीत पावसाळाभर पाणी साचलं, भारी जमिनीत त्याच्या मुळ्या तशाच राहिल्या, तरी तो मेला नाही. ज्या जमिनीत बाजारातून आणलेलं कलम तिसऱ्या वर्षी वाळतं, तिथे तो फळतो. त्याचं फळ सामान्य असेल तरी त्याची कोय खुंट म्हणून सोन्यासारखी आहे. आणि त्याचं फळही चांगलं असेल, तर तोच तुमचा नवा वाण आहे. फक्त त्याला अजून कुणी नाव दिलेलं नाही.

पालघर जिल्ह्यातल्या बहाडोली गावच्या जांभळांतून दापोलीच्या विद्यापीठाने निवड करून 'कोकण बहाडोली' हा वाण काढला, तो असाच. गुजरातेत गोध्र्याजवळच्या केंद्रीय फळबाग केंद्राने जांभळात 'गोमा प्रियांका' आणि बेलात 'गोमा यशी' निवडले. एवढंच काय, चारोळीचा 'थार प्रिया' आणि मोहाचा 'थार मधू' असेही वाण त्यांनी दिले. मोह आणि चार, म्हणजे चारोळीचं झाड, ही तर आपल्या झाडीची झाडं. पिढ्यान्पिढ्या इथल्या बायाबापड्यांनी पहाटे मोह वेचला आहे. कुठल्या झाडाचा मोह जाड पडतो, कुठला लवकर सुरू होतो, कुठल्या झाडाखाली एक टोपली भरते आणि कुठल्याखाली तीन, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हे ज्ञान म्हणजे वाणनिवडीची अर्धी नोंदवही आहे, आणि ती कुठेही लिहिलेली नाही. मोह वेचणाऱ्या म्हाताऱ्या आजीला संशोधकाने आधी विचारावं, मग झाड मोजावं.

हे तातडीचं का म्हणतो? झाडं जात आहेत. गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात गावं गेली, त्यांच्याबरोबर त्यांच्या आमराया गेल्या. रस्ते रुंद होताना जुने आंबे आणि जांभळं पडली. वाटण्या होतात, धुरा अरुंद होतो, ट्रॅक्टर वळवायला झाड आड येतं. तोडलेल्या झाडाची फळं आठवणारी माणसंही आता सत्तरीच्या पुढे आहेत. धानाचं बी शीतपेटीत ठेवता येतं. आंब्याची कोय तशी टिकत नाही, काही आठवड्यांतच तिची उगवणशक्ती जाते. झाड जपायचं तर ते जिवंत उभंच ठेवावं लागतं, नाहीतर त्याचं कलम दुसरीकडे उभं करावं लागतं.

म्हणून एक ठोस सूचना मांडतो आणि थांबतो. जिल्ह्यात सात तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातल्या महाविद्यालयाने, शेतकरी गटाने किंवा ग्रामपंचायतींनी मिळून आपल्या भागातल्या उत्तम झाडांची यादी करावी: गावरान आंबा, जांभूळ, सीताफळ, मोह, चार. नोंद साधी असावी. झाड कुठे आहे, कुणाच्या धुऱ्यावर, अंदाजे वय किती, मोहोर कधी येतो, फळ कधी उतरतं, एक वर्षाआड फळतं की दरवर्षी, फळाचं वजन, गर किती आणि कोय केवढी, दशी आहे की नाही, पाणी साचतं का, कीड कोणती. मालकाचं नाव नोंदीत हवंच. उद्या वाण झाला तर हक्क त्याचा आहे, आणि या पट्ट्यात दादाजींच्या बाबतीत झाली ती चूक पुन्हा होता कामा नये. अशी नोंद सलग पाच वर्षं ठेवावी. मधल्या काळात, पावसाळ्याच्या सुरुवातीला, यादीतल्या प्रत्येक आंब्याच्या चारपाच काड्या घेऊन कोय कलमं बांधावीत, म्हणजे मूळ झाड उद्या पडलं तरी वंश राहील. ही कलमं लावायला धानाची ओलिताची बांधी नको. निचऱ्याची, थोडी टेकाडाची चार-पाच एकर जमीन पुरे. तिला कुंपण असावं, उन्हाळ्यात पाण्याची सोय असावी, आणि ती जागा निदान पंचवीस वर्षं दुसऱ्या कुठल्याही कामासाठी वापरणार नाही असा लेखी ठराव असावा. हा ठराव सर्वांत कठीण आहे, हे मला माहीत आहे. पण तो नसेल तर बाकीचं काही करू नये, इतका तो आवश्यक आहे.

आंब्याची पहिली यादी येत्या उन्हाळ्यात, फळं उतरायला लागायच्या आत, तयार व्हावी. चांगली झाडं ओळखायला तोच काळ योग्य असतो, आणि शाळांना तेव्हा सुट्टी असल्याने मुलंही हाताशी असतात.